विश्लेषण : सूर्य बुडाल्यावरच खरा फोटो का मिळतो? आणि मोबाइल तो का बिघडवतो?

महाबळेश्वरचा बॉम्बे पॉइंट असो, हरिहरेश्वरचा किनारा असो की मुंबईतला मरीन ड्राइव्ह, सूर्य दिसेनासा झाला की पाच-दहा मिनिटांत गर्दी पांगू लागते. शेकडो मोबाइलमध्ये तोच लाल गोळा जमा झालेला असतो. कुणी तो चिमटीत पकडलेला असतो, कुणी तळहातावर ठेवलेला. मग पावले भेळेच्या गाड्यांकडे आणि पार्किंगकडे वळतात. निसर्गाची छायाचित्रे गांभीर्याने काढणारे मात्र नेमके याच वेळी ट्रायपॉड उभा करतात. सूर्य गेल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत जमीन, पाणी आणि आकाश यांवर जो मऊ उजेड पसरतो, तो पहाटेचा अपवाद सोडला तर दिवसभरात पुन्हा मिळत नाही. आता खिशातल्या फोनलाही तो टिपता येतो. अडचण अशी की टिपता टिपता बहुतेक फोन त्या संध्याकाळची दुपार करून टाकतात. हा उजेड येतो कुठून, महाराष्ट्रात तो किती वेळ टिकतो आणि त्याचा फोटो काढताना फोनच्या मर्जीवर का विसंबू नये, याचा हा वेध.

सूर्य नसताना उजेड येतो कुठून?

सूर्य क्षितिजाखाली गेला तरी त्याचे किरण वातावरणाच्या वरच्या थरांपर्यंत पोहोचतच असतात. हवेतले रेणू आणि सूक्ष्म कण ते किरण विखुरतात आणि त्यातला काही भाग खाली जमिनीवर येतो. हाच संधिप्रकाश. खगोलशास्त्रात त्याचे तीन टप्पे मानले जातात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असतो तो नागरी संधिप्रकाश, १२ अंशांपर्यंतचा सागरी आणि १८ अंशांपर्यंतचा खगोलीय. पहिल्या टप्प्यात दिव्याशिवाय बाहेरची कामे करता येतात. दुसऱ्यात समुद्राचे क्षितिज अंधूक दिसते आणि ठळक तारे उगवलेले असतात. तिसरा टप्पा संपला की खरी रात्र. निसर्गछायाचित्राच्या दृष्टीने पहिला टप्पा आणि दुसऱ्याची सुरुवात महत्त्वाची.

या काळात ढगांचे वेळापत्रक वेगळे असते. जमिनीवर सूर्यास्त झाला तरी उंचावरच्या ढगांवर ऊन पडतच असते. दहा किलोमीटर उंचीवरच्या पिंजलेल्या कापसासारख्या ढगांना डोक्यावर आणखी दहा-बारा मिनिटे थेट ऊन मिळते, तर दोन किलोमीटर उंचीच्या ढगांना जेमतेम पाच-सहा मिनिटे. हे ऊन ढगांच्या खालच्या बाजूने येते आणि वातावरणातून खूप लांबचा प्रवास करून आलेले असल्यामुळे त्यात निळा रंग फारसा उरलेला नसतो. म्हणून सूर्य गेल्यावर आठ-दहा मिनिटांनी आकाश अचानक पेटल्यासारखे दिसते. तोपर्यंत अर्धी गर्दी पाठ फिरवून चालू लागलेली असते.

हा उजेड ‘मऊ’ का असतो?

उजेड मऊ की कडक हे त्याच्या स्रोताच्या आकारावर ठरते. आकाशात सूर्याचे बिंब जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते. एवढ्याशा स्रोतातून आलेल्या प्रकाशाच्या सावल्या धारदार पडतात. काळा कातळ एका बाजूने चकाकतो आणि दुसऱ्या बाजूने कोळशासारखा दिसतो. सूर्य गेला की दिव्याचे काम अख्खे आकाश करते. उजेड सगळीकडून येतो, सावल्यांच्या कडा विरघळतात आणि चकाकी जाते.

सह्याद्रीच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो, कारण तो बेसॉल्टचा डोंगर आहे. भर उन्हात या काळ्या दगडाचे थर, भेगा आणि त्यांत उगवलेले गवत कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. संधिप्रकाशात एकावर एक बसलेले लाव्हाचे थर मोजता येतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांचा तांबूस रंग उन्हात फिका पडतो, सांजवेळी तो भरून येतो. भाताची खाचरे, तळ्याचे पाणी, ओहोटीनंतरची ओली वाळू यांना तर आकाशाचाच रंग चढतो. अशा वेळी एकाच दृश्यात वरचे आणि खालचे रंग जुळतात. ते कुठल्याही फिल्टरने आणता येत नाही.

निळ्याजांभळ्या रंगाचे रहस्य काय?

दिवसाचे आकाश निळे का, याचे उत्तर शाळेतच मिळते. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. पण हेच उत्तर संध्याकाळला लावले तर गणित चुकते. सूर्य क्षितिजाखाली असताना किरणांचा हवेतला प्रवास इतका लांबतो की निळा प्रकाश वाटेतच गळून जायला हवा आणि डोक्यावरचे आकाश पिवळट-राखी दिसायला हवे. प्रत्यक्षात ते गडद निळे दिसते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये याचे श्रेय ओझोनला दिले. उंचावरचा ओझोनचा थर नारिंगी आणि तांबड्या पट्ट्यातला प्रकाश शोषून घेतो. किरणे त्या थरातून तिरपी आणि लांबवर गेली की हा परिणाम ठळक होतो आणि निळा रंग शिल्लक राहतो. अतिनील किरणांपासून वाचवणारा म्हणून जो ओझोन सगळ्यांना ठाऊक आहे, तोच कातरवेळेचा रंगही ठरवतो.

दुसरी गंमत पूर्वेला घडते. सूर्यास्तानंतर काही मिनिटांत पूर्व क्षितिजावर करड्या-निळ्या रंगाचा पट्टा वर सरकू लागतो. ती वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली असते. तिच्या वर गुलाबी पट्टा दिसतो, त्याला शुक्राचा पट्टा म्हणतात. सगळे कॅमेरे पश्चिमेकडे रोखलेले असताना हा देखावा पाठीमागे चाललेला असतो. शिवाय पश्चिमेच्या आभेने पूर्वेकडचे डोंगर हलके उजळतात आणि तिकडे आकाश व जमीन यांच्या उजेडातली तफावत कमी असल्याने फोटो सोपा जातो. संध्याकाळच्या फोटोसाठी एकच सल्ला द्यायचा झाला, तर सूर्य गेल्यावर एकदा मागे वळून बघा, हा द्यावा लागेल.

हवा प्रदूषित असली की रंग अधिक खुलतात, हा मात्र गैरसमज आहे. जमिनीलगतची धूळ आणि धूर रंगांना मळकट करतात. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडीप देतो तेव्हाच्या संध्याकाळी महाराष्ट्रात सर्वांत श्रीमंत असतात, त्याचे कारण हेच.

‘ब्लू अवर’ खरेच तासभर असतो का?

इंटरनेटवरचे छायाचित्रणाचे धडे ‘गोल्डन अवर’ आणि ‘ब्लू अवर’ असे शब्द सर्रास वापरतात. ते वाचून महाराष्ट्रात कुणी निवांत तासभर हाती आहे असे समजून निघाला तर पस्तावेल. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ उतरतो, उत्तरेकडच्या देशांत तो तिरका घसरत जातो. त्यामुळे लंडनमध्ये जून महिन्यात नागरी संधिप्रकाश पाऊण तासाहून अधिक टिकतो. महाराष्ट्रात तो वर्षभर २२ ते २५ मिनिटांच्या आतबाहेर असतो. सूर्य क्षितिजाखाली ४ ते ६ अंश असतानाचा काळ ‘ब्लू अवर’ मानला, तर तो इथे सूर्यास्तानंतर साधारण १३ ते १५ मिनिटांनी सुरू होतो आणि नऊ-दहा मिनिटांत संपतो. मराठीने या वेळेला ‘तास’ म्हटले नाही. कातरवेळ, तिन्हीसांजा, गोरज, दिवेलागण अशी नावे दिली आणि ती सगळी चटकन सरणाऱ्या वेळेची आहेत.

उजेड किती झपाट्याने ओसरतो, तेही पाहण्यासारखे आहे. निरभ्र आकाशात सूर्यास्ताच्या वेळी जमिनीवर सुमारे ४०० लक्स प्रकाश असतो, नागरी संधिप्रकाशाच्या शेवटी तो साडेतीन लक्सच्या आसपास येतो. म्हणजे वीस-बावीस मिनिटांत उजेड शंभर पटींहून अधिक घटतो, दर तीन-साडेतीन मिनिटांनी निम्मा होतो. सूर्यास्ताला सेकंदाच्या लहानशा अंशात होणारे एक्स्पोजर शेवटी कित्येक सेकंदांवर जाते. त्यामुळे जागा शोधणे, चौकट ठरवणे, पुढे कुठला दगड किंवा झाड घ्यायचे हे पाहणे, हे सगळे सूर्य वर असतानाच उरकावे लागते.

वेळेबाबत आणखी एक फसगत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली सूर्यास्ताची वेळ एखाद्या विशिष्ट शहराची असते. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे, त्यामुळे तिथला सूर्यास्त ऋतूनुसार २० ते ३० मिनिटे आधी होतो. मुंबईत सूर्य समुद्राला टेकतो तेव्हा फुटाळा तलावावर निळी वेळ संपत आलेली असते. मुंबईची वेळ पाहून विदर्भात निघालेल्याला अंधारच भेटेल.

या मिनिटांवर अख्खा सिनेमा कसा उभा राहिला?

या उजेडाची किंमत पूर्ण चुकती करण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे टेरेन्स मॅलिक यांचा १९७८ चा ‘डेज ऑफ हेवन’. अमेरिकेतल्या टेक्सासमधली कथा सांगणारा हा चित्रपट कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात चित्रित झाला. त्याचा मोठा भाग सूर्य मावळल्यानंतरच्या उजेडात टिपलेला आहे. छायालेखक नेस्तोर अल्मेंद्रोस यांनी नंतर लिहिले की चित्रपटवाले या वेळेला ‘जादुई तास’ म्हणत असले तरी हाती येतात फार तर वीस-पंचवीस मिनिटे. दिवसभर तालीम आणि तयारी करायची, आणि सूर्य गेला की मिनिट मिनिट मोजत चित्रीकरण उरकायचे, असा क्रम असे. उजेड कमी होत गेला की अधिक प्रकाश घेणारी लेन्स लावली जाई. गव्हाची शेते, माळावरचे एकटे घर आणि माणसांचे चेहरे यांवर सावलीविना पडलेल्या त्या प्रकाशासाठी अल्मेंद्रोस यांना ऑस्कर मिळाले.

या उदाहरणात एक धडा आहे. त्या चित्रपटात संध्याकाळ संध्याकाळीसारखीच दिसते. चेहरे काहीसे अंधारात राहतात, गवताचे तपशील बुडतात आणि त्यामुळेच प्रेक्षकाला दिवस सरल्याची जाणीव होते. उजेडाची उणीव ही तिथे अडचण म्हणून येत नाही, तिच्यातूनच दृश्य तयार होते. आजचा मोबाइल नेमका याच बाबतीत उलट वागतो.

मोबाइल संध्याकाळची दुपार का करतो?

आधी श्रेय द्यायला हवे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी संधिप्रकाशातला नीट फोटो काढायचा तर मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड यांना पर्याय नव्हता. गूगलने २०१८ च्या अखेरीस पिक्सेल फोनमध्ये ‘नाइट साइट’ आणले, ॲपलने २०१९ मध्ये आयफोन ११ सोबत ‘नाइट मोड’ दिला आणि आता मध्यम किमतीच्या फोनमध्येही ही सोय असते. फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेतो, हाताच्या कंपामुळे झालेली हलचाल जुळवतो आणि त्या फ्रेम एकत्र करून दाणेदारपणा घालवतो. शेतावरच्या, गावच्या ओढ्यावरच्या, घाटातल्या कातरवेळेचे फोटो आता कुणीही काढू शकतो. ही मोठीच गोष्ट.

पण फोनचे सॉफ्टवेअर एका गृहीतावर चालते : सगळे स्पष्ट दिसले म्हणजे फोटो चांगला. अंधार दिसला की ते एक्स्पोजर वाढवते, सावल्या उचलते, आकाशाचा निळेपणा ‘चुकीचा रंग’ समजून पांढऱ्याकडे खेचते. हाती येतो तो लख्ख उजेडातला, सपाट, सावल्या नसलेला फोटो. त्यात ना दुपारचे ऊन असते ना संध्याकाळची हुरहुर. काही फोन तर चंद्र ओळखून त्याचे तपशील स्वतःच ठळक करतात.

हा आक्षेप केवळ जुन्या वळणाच्या छायाचित्रकारांचा नाही. गूगलच्या अभियंत्यांनी त्यांच्या तंत्राविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हाच मुद्दा मांडला होता. रात्रीचे दृश्य जास्त उजळले तर ते दिवसाचे वाटेल, म्हणून काळोखातली दृश्ये रंगवणाऱ्या चित्रकारांप्रमाणे गडद भाग गडद ठेवायला हवेत, असा विचार त्यामागे होता. म्हणजे प्रश्न ठाऊक आहे. पण दुकानात दोन फोन शेजारी ठेवून ग्राहक जेव्हा तुलना करतो, तेव्हा त्याला जास्त उजळ फोटोच सरस वाटतो. त्या एका क्षणाच्या तुलनेसाठी फोन घडवले जातात आणि किंमत मोजते ती कातरवेळ.

माणसाचा डोळा संध्याकाळी वेगळेच काही करत असतो. उजेड कमी होतो तसा लाल रंग काळवंडतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ भासतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे टिपले आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अंगणातला जास्वंद सांजेला काळसर दिसतो, पण त्याची पाने उठून दिसतात, ते याचमुळे. फोनने सगळे रंग दिवसासारखे भरले की फोटोत जागा तीच राहते, पण ती पाहिल्याची आठवण मात्र जुळत नाही.

मग हाताने काय बदलावे?

उपाय फुकट आहेत आणि बहुतेक सगळे फोनमध्येच आहेत.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा : एक्स्पोजर कमी करा. पडद्यावर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस व एक्स्पोजर पक्के होते आणि शेजारी सूर्यासारखी खूण येते. ती खाली ओढायची. डोळ्यांना जितके अंधारलेले दिसते, तितके पडद्यावर दिसेपर्यंत.

दुसरा : ‘प्रो’ मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वरून काढून दिवसाच्या उजेडावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर ठेवावा. मग फोन निळ्या रंगाशी भांडत नाही. रॉ किंवा डीएनजी स्वरूपात फोटो साठवण्याची सोय असेल तर ती वापरावी, नंतर सुधारायला वाव राहतो.

तिसरा : फोन टेकवा. छोटा ट्रायपॉड उत्तम. तो नसेल तर दगड, कुंपण, गाडीचे टप, अगदी पाठपिशवीही चालते. बटण दाबताना फोन हलू नये म्हणून दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. फोन स्थिर आहे हे लक्षात आले की बरेचसे नाइट मोड स्वतःहून जास्त वेळ प्रकाश गोळा करतात.

चौथा : झूम टाळा. मुख्य लेन्सचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये सर्वांत मोठा असतो. कमी उजेडात दुसऱ्या लेन्सकडे वळले की फोटो दाणेदार होतो.

मोठा कॅमेरा असणाऱ्यांसाठी : ट्रायपॉड, कमी आयएसओ, एफ/८ ते एफ/११ आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक्स्पोजर पुन्हा तपासणे. कित्येक सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये लाटांचे धुके होते. ते सुंदर असले तरी प्रत्येक किनारा दुधाळ करण्याची गरज नाही. ओल्या वाळूवरून परतणाऱ्या पाण्याच्या रेघा अर्ध्या-एक सेकंदात जास्त बोलक्या येतात.

तिथी बघून फोटो कसा ठरवायचा?

परदेशी छायाचित्रकार ज्यासाठी खास ॲप विकत घेतात, त्यातली बरीचशी माहिती महाराष्ट्रातल्या घराघरांत भिंतीवर टांगलेली असते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, आणि रोज तो साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो. म्हणून चतुर्दशीला तो सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो. चंद्रासह डोंगर टिपायचा तर चतुर्दशी आणि पौर्णिमा या दोनच संध्याकाळी खऱ्या कामाच्या. तेव्हा चंद्राचा उजेड आणि जमिनीवरचा उजेड काही मिनिटांपुरते जुळतात, दोन्हीचे तपशील एकाच फोटोत येतात. पुढच्या दिवशी चंद्र उगवेपर्यंत जमीन काळी झालेली असते आणि चंद्र पांढऱ्या ठिपक्यासारखा जळून जातो.

अमावास्येनंतर द्वितीया-तृतीयेला पश्चिमेला बारीक कोर दिसते. तिच्या कुशीत चंद्राचा उरलेला भागही अंधूक उजळलेला असतो. तो उजेड पृथ्वीवरून परावर्तित झालेला असतो. गडद निळे आकाश, खाली केशरी पट्टी आणि मध्ये कोर, हे दृश्य महिन्यातून फार तर दोन संध्याकाळी मिळते. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीच्या वेळाही पाहाव्यात. ओहोटी आणि सूर्यास्त एकत्र आले की ओल्या वाळूचा आरसा होतो.

संपादित केलेला फोटो खोटा मानायचा का?

इथे एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येक फोटो ही निवडच असते, मग फोनने उजळले तर बिघडले कुठे? याचे उत्तर ॲन्सेल ॲडम्स यांच्या एका छायाचित्रात सापडते. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्यांना मावळतीच्या उन्हात उजळलेले दफनभूमीतले क्रूस आणि वर उगवलेला चंद्र दिसला. घाईत प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या ठाऊक असलेल्या तेजावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले. एक निगेटिव्ह झाली, दुसरी घेण्याआधीच क्रूसांवरचे ऊन गेले. त्या एका निगेटिव्हपासून त्यांनी पुढच्या काही दशकांत हजाराहून अधिक प्रती काढल्या आणि नंतरच्या प्रतींमध्ये आकाश अधिकाधिक काळे करत नेले.

म्हणजे ॲडम्स यांनीही हस्तक्षेप केला, आणि भरपूर केला. फरक असा की तो निर्णय त्यांचा होता आणि त्या संध्याकाळविषयी त्यांना काहीतरी सांगायचे होते. फोनचे सॉफ्टवेअर मात्र कोयनेचे धरण, कास पठार आणि गल्लीतला नळ या सगळ्यांना एकाच मापाने उजळते. हरकत बदलावर नाही. बदल कुणी, कशासाठी केला हे फोटो काढणाऱ्यालाच माहीत नसावे, हे खटकते. उजळायचे असेल तर जरूर उजळावे, पण जाणून.

दिव्यांचे काय?

कातरवेळेवर संकट फक्त फोनचे नाही. निळ्या उजेडात एखाद्या खिडकीतला, तुळशीपुढचा किंवा होडीवरचा पिवळा दिवा फोटोला जीव देतो. पिवळा आणि निळा एकमेकांना उठाव देतात. मात्र त्याच जागी पांढऱ्या एलईडीचा हायमास्ट उभा राहिला की आकाशाचा रंग धुऊन जातो. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले तेव्हा ‘क्वीन्स नेकलेस’चे रूप गेले म्हणून मुंबईकरांनी ओरड केली, आणि पुढे तिथे पिवळसर छटेचे दिवे आले. त्या वादाला काहींनी हौशी नॉस्टॅल्जिया ठरवले, पण उजेडाचा रंगही शहराच्या ओळखीचा भाग असतो हे त्यातून दिसले.

उलट दिशेचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातले दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. पर्यटनस्थळी ‘सुशोभीकरण’ म्हणून रंगीत झोत लावणाऱ्या यंत्रणांनी पेंचकडे पाहायला हवे. सनसेट पॉइंटवर सूर्यास्तानंतर अर्धा तास झोतदिवे न लावणे, लावायचेच तर पिवळसर आणि खाली वळवलेले लावणे, याला फार खर्च येत नाही.

सुरक्षेचा हिशेब कसा ठेवायचा?

संधिप्रकाशासाठी थांबायचे म्हणजे अंधारात परतायचे, हे विसरून चालत नाही. कोकणकड्यासारख्या जागी कड्याची धार आणि मोकळी हवा यांतला फरक निळ्या उजेडात डोळ्यांना कळत नाही. पडद्यात पाहत मागे सरकणे तिथे जिवावर बेतू शकते. फोटो काढायची जागा उजेडातच निवडावी, एकदा उभे राहिल्यावर ती सोडू नये, डोक्याला लावायचा टॉर्च जवळ ठेवावा, एकटे जाऊ नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आणि भरतीच्या वेळी समुद्रातल्या खडकांवर उभे राहणे टाळावेच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची बहुतेक स्मारके सूर्यास्ताला बंद होतात, अभयारण्यांच्या फाटकांनाही वेळा असतात. नियम मोडून आत थांबण्याची गरज नाही. किल्ल्याचा सर्वांत चांगला संध्याकाळचा फोटो बहुधा किल्ल्याबाहेरून, समोरच्या टेकडीवरून किंवा पायथ्याच्या गावातूनच मिळतो.

अंधार राखायचा कशासाठी?

फोटोंची संख्या वाढली तशी संध्याकाळ त्यांतून हरवत गेली. एका टोकाला लाल गोळा आणि दुसऱ्या टोकाला नाइट मोडचा लख्ख उजेड. मधली वीस मिनिटे, ज्यांत डोंगराचे थर वेगळे होतात, पाणी आकाश होते आणि गावात पहिला दिवा लागतो, ती कुणाच्याच गॅलरीत नसतात. उद्या एखाद्या सड्यावर प्रकल्प उभा राहील, एखाद्या किनाऱ्यावर झोतदिवे लागतील. तिथली संध्याकाळ आधी कशी दिसायची, याची नोंद याच साध्या फोटोंत राहणार आहे. ती नोंद खरी हवी असेल तर दोन गोष्टी पुरेत : सूर्य गेल्यावर आणखी पाव तास थांबणे, आणि पडद्यावरची ती सूर्याची खूण बोटाने थोडी खाली ओढणे.